श्रद्धेतून बळ मिळतं म्हणजे नक्की काय होतं?

निलमोहोर
सर्वांना सलाम आणि नमस्कार. मी नाशिकरोडला राहते. जानेवारीच्या शेवटी पप्पांना स्ट्रोक आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, वर्षानुवर्षं पेटीवर तेच बसायचे, भजन तेच सुरू करून द्यायचे. आता पाणी हवं हेही बोटाने दाखवतात आणि आम्हाला कळलं नाही की चिडून रडतात. धाकटा भाऊ सातपूरला कंत्राटी कामावर होता, ते डिसेंबरातच सुटलं. आईला शुगर. घरात कमावती मी एकटी.

मी जन्मापासून चर्चमध्ये वाढलेली. संडेस्कूल, तरुणसंघ, सगळं केलं. भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणतो, विश्वास ठेव, प्रभू बळ देईल. मला ते खोटं वाटत नाही. पण ते येतं कसं? रात्री प्रार्थनेला बसते तर 'हे प्रभू' च्या पुढे एक शब्द सुचत नाही. सध्या ईस्टरआधीचा उपवासकाळ चालू आहे, पण उपासनेत लक्ष लागत नाही.

म्हणून विचारते. तुमच्या सगळ्यात वाईट काळात तुम्ही नक्की काय केलंत, काय वाचलंत, कोण आलं? ख्रिस्ती नसलेल्यांनीही लिहा. सोमवारी सकाळी पप्पांची चादर बदलताना उपयोगी पडेल असं काहीतरी हवंय.

लिंबलोण
वाचून वाईट वाटलं ताई. मी ख्रिस्ती नाही, पण वाचत राहीन. पप्पांना लवकर आराम पडो.

शरणपूरकर
ताई, शब्द सुचत नसतील तर दुसऱ्याचे घ्या. बायबलमधली स्तोत्रसंहिता आहे कशाला? दीडशे स्तोत्रांपैकी जवळपास तिसरा हिस्सा गाऱ्हाण्यांचा आहे. आपण रविवारी स्तुतीची तेवढी वाचतो आणि ही मागे राहतात.

माझ्या पत्नीच्या आजारपणात मला तेविसावं स्तोत्र वाचवेना. 'मला काही उणे पडणार नाही' म्हणताना आवाज बसायचा, कारण समोर सगळंच उणं होत होतं. मग मी अठ्ठ्याऐंशीवं वाचायला लागलो. त्यात शेवटी आशेची एक ओळसुद्धा नाही, अंधारातच संपतं ते. आणि तरी ते पवित्र शास्त्रात आहे, कोणी काढून टाकलं नाही. देवापुढे असंही बोलता येतं, त्याची परवानगी आहे, हे कळलं तेव्हा मला पहिल्यांदा बरं वाटलं. प्रभू येशूने वधस्तंभावर जे म्हटलं, 'माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?', तेही बाविसाव्या स्तोत्राचंच पहिलं वाक्य. त्याच्या तोंडी त्या घडीला लहानपणापासून पाठ असलेलं स्तोत्रच आलं. मग आपण नवे शब्द कुठून आणायचे?

रोज एक स्तोत्र, मोठ्याने. मनात नाही. कानाला ऐकू आलं पाहिजे.

आशावादी७७
प्रभूची स्तुती असो. ताई, धीर सोडू नका. माझ्या मेहुण्याला डॉक्टरांनी नाही म्हणून सांगितलं होतं. आम्ही साखळी उपास-प्रार्थना केली, आज तो स्वतःच्या पायाने चर्चला येतो. फक्त मनात शंका आणू नका. शंका आली की आशीर्वाद अडतो. परमेश्वर आपल्या लेकरांना छाटतो ते जास्त फळ यावं म्हणून. योहान १५ वाचा.

नेहरूनगरची
आम्ही कॅथलिक, बाळ येशूच्या मंदिराजवळच राहतो. माझं बाळ सातव्या महिन्यात जन्मलं आणि काचेच्या पेटीत होतं तेव्हा मला प्रार्थना करताच येत नव्हती. आईने हातात जपमाळ दिली, म्हणाली, विचार करू नकोस, मणी सरकव. दवाखान्याच्या बाकावर बसून मी तेच केलं. डोकं बधिर असलं तरी बोटांना काम होतं.

फेब्रुवारीतल्या यात्रेला किती लांबून लोक येतात बघा. त्यात हिंदू, मुसलमान, सगळे असतात. प्रत्येक जण काहीतरी ओझं घेऊन रांगेत उभा असतो. त्या रांगेत उभं राहिलं की आपलंच घर असं का, हा प्रश्न थोडा मागे पडतो. माझा तरी पडला.

द्राक्षवेल_निफाड
@आशावादी७७, दादा, राग मानू नका, पण छाटणीवर बोलायचा हक्क मला आहे. पंचवीस वर्षं बाग करतोय.

आमच्याकडे छाटणी दोनदा. एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरच्या सुमाराला गोडी छाटणी. प्रत्येक काडी हातात धरून, डोळे (काडीवरचे कोंब) मोजून, कुठे कट द्यायचा ते बघून द्यावा लागतो. कात्री कुठे लागली ते मालकाला माहीत असतं. ती छाटणी. आणि मार्चात, माल तयार असताना, व्यापाऱ्याशी सौदा ठरलेला असताना गारपीट होते आणि घड जमिनीवर पडतात, ती छाटणी नव्हे. कुठलाही बागाईतदार स्वतःच्या बागेवर गारा पाडत नाही. 'माझा पिता माळी आहे' हे वचन मी मानतो, म्हणूनच सांगतो, माळी असला तर त्याच्या नावावर गारपीट लावू नका. ताईंच्या वडिलांचा स्ट्रोक मला छाटणी वाटत नाही. ती गारपीट आहे.

माझी बाग अशी गेली त्या वर्षी आमच्या चर्चचे पाळक (पास्टर) साहेब आले. मला वाटलं आता वचन सांगतील. ते चपला काढून बागेत शिरले आणि माझ्याबरोबर पडलेले घड क्रेटमध्ये भरायला लागले. बेदाण्याला तरी जाईल म्हणून वेचत होतो आम्ही. दिवेलागणीपर्यंत थांबले. जाताना एवढंच म्हणाले, 'मलाही कळत नाही रे.' सोसायटीचं कर्ज त्याने फिटलं नाही. पण त्या रात्री मी विहिरीकडे गेलो नाही, घरी गेलो. यापेक्षा उघड लिहीत नाही, समजणाऱ्याला समजेल.

चहाबाज
+१००० द्राक्षवेल. अंगावर काटा आला.

रात्रपाळी
मी नर्स आहे, न्यूरो वॉर्डात बरीच वर्षं काढलीत. निलमोहोर, आधी सोमवारी सकाळच्या चादरीबद्दल.

दर दोन तासांनी कूस बदला, रात्रीसुद्धा. आळीपाळीने करा, सगळं तुम्ही करू नका. एअर बेड भाड्याने मिळतो. टाचा आणि माकडहाड रोज बघा, लाल दिसलं की लगेच डॉक्टरांना सांगा. गिळताना ठसका लागत असेल तर पाणी किंवा पातळ काही देण्याआधी डॉक्टरांना विचारा. ही सगळी सेवाच आहे, प्रार्थनेला वेळ मिळत नाही म्हणून खंत करू नका.

दुसरं, एलीया संदेष्ट्याची गोष्ट काढून वाचा, १ राजे १९. तो रानात झाडाखाली बसून देवाला म्हणतो, पुरे झालं, आता माझा जीव घे. देवदूत त्याला रागवत नाही, विश्वास कमी पडला म्हणत नाही. भाकर आणि पाणी देतो. एलीया खातो, झोपतो. पुन्हा उठवून पुन्हा खायला घालतो. एवढं झाल्यावर मग पुढचा प्रवास. घरात आजारी माणूस असताना सांभाळणाऱ्याने जेवायचं आणि झोपायचं असतं, हे मी प्रत्येक नातेवाइकाला सांगते. माझ्या ख्रिस्ती रुग्णांच्या घरच्यांना एलीयाचं नाव घेऊन सांगते, मग ते ऐकतात.

तिसरं, आणि हे नीट वाचा. मेंदूच्या डाव्या बाजूला मार बसला की उजवं अंग आणि बोलणं जातं. पण गाणं आणि तोंडपाठ असलेल्या गोष्टी पुष्कळदा शिल्लक असतात. 'पाणी' म्हणता न येणारी माणसं आख्खं कडवं गाताना मी पाहिलीत. प्रत्येकाला जमेलच असं नाही, पण तुमचे पप्पा भजनं सुरू करून देणारे. त्यांच्यापुढे भजन म्हणा आणि मध्येच थांबा. काय होतं बघा. स्पीच थेरपिस्टलाही हे सांगा, यावर आधारलेली उपचारपद्धत आहे.

@आशावादी७७, तुमच्या मेहुण्याचा मला खरंच आनंद आहे. पण प्रार्थनेवर भरवसा ठेवून रक्तदाबाची गोळी बंद केलेले लोक आमच्याकडे दुसऱ्या स्ट्रोकसह परत येतात. म्हणून 'शंका आणू नका' हे वाक्य ऐकलं की मी दचकते.

आशावादी७७
रात्रपाळी ताई, औषध बंद करा असं मी म्हटलेलं नाही, म्हणणारही नाही. याकोबाच्या पत्रात लिहिलंय, आजारी असेल त्याने मंडळीच्या वडिलांना, म्हणजे ज्येष्ठांना, बोलवावं, त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी. बरं होण्याची आशा धरणं हा आमचा हक्क आहे आणि तो मी सोडणार नाही. देवाला मोठं मागायचंच नाही, मागितलं की लोक हसतील, असं करत करत आपण प्रार्थनाच छोटी करून टाकतो.

द्राक्षवेल भाऊ, छाटणीचं तुमचं ऐकलं. त्यावर मी विचार करतोय.

शरणपूरकर
आशावादींचं मागणं मला मान्य आहे. वधस्तंभाच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत प्रभूनेही आधी स्पष्ट मागितलंच की, हा प्याला माझ्यावरून टळून जावो. 'तुझ्या इच्छेप्रमाणे' हे नंतर आलं. आपण पहिलं वाक्य गाळून थेट दुसऱ्यावर उडी मारतो आणि त्याला विश्वास म्हणतो. आणि प्याला टळला नाही, हेही तिथेच आहे. म्हणून मागावं भरपूर, पण मिळालं नाही तर मागणाऱ्याच्या विश्वासात खोट काढू नये. प्रेषित पौलाने शरीरातल्या काट्यासाठी, म्हणजे त्याच्या दुखण्यासाठी, तीनदा विनंती केली, काटा राहिला. 'माझी कृपा तुला पुरे आहे' हे उत्तर आलं. पौलाचा विश्वास कमी होता असं कोण म्हणेल?

तळटीप
मी देव न मानणारा. आदरानेच विचारतो. वर जे जे उपयोगी पडलं ते सगळं माणसांनी केलेलं दिसतंय: पाळक घड वेचायला आले, आईने माळ दिली, नर्सने सल्ला दिला. मग याला श्रद्धेचं बळ का म्हणायचं? चांगला शेजार म्हटलं तर काय बिघडतं?

द्राक्षवेल_निफाड
काही बिघडत नाही. पण शेजारी दुसऱ्या दिवशी आपल्या बागेत गेले, त्यांचंही नुकसान झालेलं. पाळक साहेब आठवडाभर येत राहिले, कारण त्यांना कोणीतरी पाठवलंय असं ते मानतात. त्यांना विचारलं असतं तर त्यांनी तेच सांगितलं असतं.

नेहरूनगरची
@तळटीप, माणसं रात्री दोन वाजता नसतात. मणी सरकवताना मी कोणाशी तरी बोलत होते. तुम्हाला पटणार नाही, चालेल. पण मी भिंतीशी बोलत नव्हते एवढं मला माहीत आहे.

तळटीप
प्रामाणिक उत्तर. पटलं नाही, पण समजलं. धन्यवाद.

अंबडचा_फिटर
वय २४. ले-ऑफ झालाय, घरी सांगितलेलं नाही, रोज डबा घेऊन बाहेर पडतो आणि गोदापार्कला बसतो. चर्चमध्ये साक्ष द्यायला (देवाने काय केलं ते सांगायला) उभे राहतात त्यांची सगळ्यांची गोष्ट शेवटी गोड होते. माझी मधेच अडकलीये. छातीत धडधडतं, झोप नाही. कोणाला सांगू कळत नाही, म्हणून इथे लिहिलं.

रात्रपाळी
@अंबडचा_फिटर, बाळा, आधी १४४१६ ला फोन लाव. सरकारची टेली-मानस सेवा आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात. झोप नाही आणि धडधड आहे म्हणजे डॉक्टरांना दाखवायलाच हवं. यात विश्वास कमी असण्याचा काही संबंध नाही. आणि आज घरी सांग. सगळं नको, एकच वाक्य सांग.

शरणपूरकर
फिटर, तुझ्या साक्षीबद्दलच्या बोलण्यात दम आहे. मेलेल्या मित्राच्या, लाजराच्या, कबरेपाशी प्रभू येशू त्याला उठवणारच होता, त्याला माहीत होतं. तरी 'येशू रडला' असं योहानाने लिहून ठेवलंय. म्हणजे गोष्ट गोड व्हायच्या आधीही रडायला जागा आहे. आमच्या मंडळीत दर महिन्याला कोणाच्या तरी घरी एक कॉटेज प्रार्थना असते, तिथे मधेच अडकलेले लोकही बोलतात. मला विपू (इथला खासगी निरोप) कर, घेऊन जातो. कंपन्यांत ओळखी असलेले दोघेतिघेही तिथे असतात, तेही सांगून ठेवतो.

कीर्तनप्रेमी
अवांतर होईल, पण ख्रिस्ती भजनांचा विषय निघालाय म्हणून. रेव्हरंड ना. वा. टिळकांची पदं आजही मराठी चर्चमध्ये पेटी-तबल्यावर गायली जातात ना? मी वारकरी घरातला. एका मित्राच्या वडिलांच्या दफनविधीला ऐकली होती. अभंगाचीच चाल, मला वाटलं आपल्याच घरी बसलोय.

शरणपूरकर
गायली जातात हो, उपासनेच्या पुस्तकात त्यांची पुष्कळ पदं आहेत. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई तर इथल्याच, गोदाकाठच्या जलालपूरच्या. नवरा ख्रिस्ती झाला तेव्हा त्या माउलीने काय सोसलं ते त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय, मी सांगायला नको. पंडिता रमाबाईंचंही तसंच. आईवडील, भाऊ, नवरा, सगळे गेले. पुढे दुष्काळात मध्य प्रांतातून मुली गोळा करून केडगावला आणल्या. १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, तरी बायबलच्या भाषांतराचं काम हातातून सोडलं नाही. पुढच्याच वर्षी त्या स्वतः गेल्या.

अवांतरात अजून एक, पण ते मूळ प्रश्नाला धरून आहे. आपल्या शरणपूरला एकोणिसाव्या शतकात मिशनची शाळा होती. अरबी समुद्रात गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकी मुलं तिथे शिकत. त्यांतला एक जेकब वेनराइट. तो पुढे आफ्रिकेत मिशनरी आणि संशोधक प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टनच्या मदतीला पाठवलेल्या तुकडीत होता. १८७३ मध्ये लिव्हिंग्स्टन आजच्या झांबियात वारले. सोबतच्यांनी त्यांचं हृदय तिथेच झाडाखाली पुरलं. त्या वेळी दफनविधीची प्रार्थना वाचली ती या जेकबने. पुढे ते सगळे मृतदेह घेऊन महिनोन्‌महिने किनाऱ्यापर्यंत चालले. १८७४ मध्ये लंडनला वेस्टमिन्स्टर ॲबीत अंत्यविधी झाला तेव्हाही जेकब हजर होता.

लहानपणी घरातून तोडलेला, समुद्र ओलांडून नाशिकला आलेला पोरगा. जंगलात, आसपास कोणी पाळक नसताना, त्याच्याकडे शाळेत शिकवलेले शब्द होते. ते त्याने वाचले. निलमोहोर ताई, मी पहिल्या प्रतिसादात म्हटलं ते याचसाठी.

चहाबाज
शरणपूर रोडवरून रोज जातो, हे माहीतच नव्हतं!

बाय द वे, आजाऱ्याला भेटायला जाणाऱ्यांना हात जोडून विनंती: चहाची अपेक्षा ठेवू नका. माझं नाव काहीही असो. माझ्या आईच्या आजारपणात बहिणीने इतका चहा केला की आईजवळ बसायला तिला वेळ मिळाला नाही. थर्मास भरून न्या आणि घरच्यांनाच पाजा.

नेहरूनगरची
@चहाबाज 😄 सोन्यासारखं बोललात. आणि डबा नेलात तर डबा परत मागू नका!

लिंबलोण
आमचे शेजारी ख्रिस्ती आहेत, नाताळात करंज्या, शंकरपाळे, अनारसे सगळं येतं. आता कळलं दुःखात काय न्यायचं. डबाच.

रात्रपाळी
बायबलमधल्या, सगळं गमावून बसलेल्या ईयोबाचे मित्र आले तेव्हा सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले, एक शब्द बोलले नाहीत. तोवर सगळं ठीक होतं. बिघडलं ते बोलायला लागल्यावर. शेवटी देव त्यांच्यावर रागावतो आणि रडून-भांडून बोललेल्या ईयोबाला खरा ठरवतो. भेटायला जाणाऱ्या प्रत्येकाने हे वाचून जावं.

निलमोहोर
सगळे प्रतिसाद दोनदा वाचले. आईलाही वाचून दाखवले.

एअर बेड भाड्याने आणला. भाऊ आणि मी रात्री वाटून घेतल्या. द्राक्षवेल काका, तुमची गारपीट आईला इतकी पटली की ती आता येणाऱ्या-जाणाऱ्यांना तेच सांगते. आपल्या कोणत्या पापाची ही शिक्षा, असं तिच्या मनात खोल कुठेतरी होतं, ते आम्हाला माहीतच नव्हतं.

मी अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र मोठ्याने वाचते. विचित्र वाटेल, पण ते वाचून झाल्यावर 'हे प्रभू' च्या पुढे दोनचार वाक्यं येतात. बहुतेक तक्रारीचीच. येऊ देत.

रात्रपाळी ताई, भजन म्हणून मध्ये थांबले. पहिल्या काही दिवशी काही नाही. मग परवा भावाने पेटी काढली, त्याला धड वाजवता येत नाही, सूर चुकला. पप्पांनी मान हलवली आणि पुढचे दोन शब्द म्हणाले. अस्पष्ट, पण सुरात. त्यानंतर पाणी मागताना पुन्हा शब्द आला नाहीच. थेरपिस्टला सांगितलं, त्यांनी पुढच्या आठवड्यापासून गाण्यावरच काम करू असं म्हटलंय. पप्पा बरे झाले असं मी म्हणत नाही. भावाची नोकरीही अजून नाही.

आशावादी७७
ताई, दोन शब्दांसाठी प्रभूचे आभार मानतो. तुमच्याकडे कोणी बोलवलं तरच येईन, प्रार्थना लहान करेन, आणि कूस बदलायला मदत करेन. मीही नाशिकरोडलाच आहे.

निलमोहोर
@आशावादी७७, या ना काका. मोठं मागा खुशाल, पप्पांना आवडेल. विपूत पत्ता देते.

अंबडचा_फिटर
घरी सांगितलं. बाबा काही बोलले नाहीत, रात्री माझ्या ताटात स्वतः वाढलं. १४४१६ वर बोललो, उद्या सिव्हिलला जायचंय.
@निलमोहोर ताई, मला पेटी येते. संडेस्कूलमध्ये शिकलो होतो. सध्या दुपारी मोकळाच आहे. पप्पांसमोर वाजवायला येऊ का?

निलमोहोर
ये. त्यांना पेटीची काळी चार ही पट्टी लागते, सवय आहे. भात्याला एका जागी चीर गेलीये, येताना चिकटपट्टी घेऊन ये.